चोचीपुढची जागा

चापडगावच्या मनोऱ्यावरून काढलेले
पहिल्या हिवाळ्यातले सगळे फोटो मी काल पुसले.
वरून काढलेला शेकाट्या म्हणजे
पाण्यावर सांडलेली काडेपेटी.
पाय नाहीत, नजर नाही,
नुसती पाठ.

सखाहरी दुर्बीण सदऱ्याला पुसत म्हणाला होता,
"ताई, वरून घार बघती, आन् तलाठी.
तू उतर खाली."

उतरले. गाळात गोणपाट अंथरलं, पालथी पडले.
कोपरं रुतली. नाकाशी गाळाचा वास,
थोडा शिळ्या भाकरीचा, थोडा लोखंडाचा,
आणि एकदम क्षितिज
त्याच्या गुडघ्याशी आलं.
(गुडघा नव्हे, पक्ष्याचा तो घोटा असतो.
सखाहरीला हे अजून मान्य नाही.)

तरी मी त्याला मधोमधच बसवायचे,
ओळखपत्रावरच्या माणसासारखं.
सवय ती. निफाडला अण्णांच्या स्टुडिओत अठरा वर्षं
निळा पडदा, फिरतं स्टूल,
हनुवटी जरा वर, हं, पापणी नको.

"त्याला जायचंय कुठं, ते दिसू दे की,"
सखाहरी माझ्या खांद्यावरून पडद्यात बघत म्हणाला,
"चोचीपुढं चार पावलं पाणी सोड.
मागलं काय, मागलं त्याचं झालंय."

मग चमचे उतरले, पंधरा-वीस, दहाच्या उन्हात.
चोची डावी-उजवी, डावी-उजवी,
दळण चाळावं तसं पाणी चाळत.
कॅमेऱ्यात मात्र चुन्याचे डाग.
पीस नाही, घडी नाही.
उजेड एक खूण खाली आणला, आणखी एक,
पाणी काळवंडलं, पलीकडची बाभूळ गेली,
आणि पांढऱ्याच्या आतून
एकेक पांढरा वर आला:
पंखाखालचा राखी, पाठीवरचा निळसर,
गळ्याशी जुन्या धोतरासारखा पिवळट.
उजेड काढून घेतल्यावर दिसलेलं हे सगळं.

पण त्याच रात्री लॅपटॉपवर हात गेलाच.
शेकाट्याचे पाय लाल केले, अजून लाल,
बँडवाल्याच्या विजारीच्या पट्टीइतके लाल,
पाणी निळं, आपल्या गोदावरीला
आयुष्यात कधी न जमलेलं निळं,
आणि पाठवून दिला.
सखाहरीचं उत्तर आलं पहाटे:
"हे कुठलं पाखरू?
आपल्याकडं येत नाही."

अण्णा नवऱ्या मुली उजळ करायचे.
दोन शेड, कधी तीन.
आया काउंटरवर वाकून हळूच सांगत,
अण्णा मान हलवत,
ब्रश मात्र माझ्या हातात.
कपाळ, गाल, गळा. मानेशी फार जपायचं,
तिथे खरा रंग डोकावतो.

माझाही केला होता. तो मीच केला.
पिंपळगावचे पाहुणे आले,
फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं,
चहा संपवला.
कपबशा एकात एक नीट रचून ठेवल्या
आणि गेले.

हल्ली गाळ गाळाच्याच रंगाचा ठेवते.
बगळ्याच्या मांडीवर उडालेला शिंतोडाही पुसत नाही.
लोक म्हणतात, फोटो जरा मळका आलाय.
आलाय.

आज सकाळी धुकं होतं,
कादवा मिळते त्या बाजूला एकटाच शेकाट्या.
मी गोणपाटावर, श्वास धरून.
चौकटीच्या डाव्या कडेला तो,
उजवीकडे चार काय, चांगली दहा पावलं
सोडलेलं कोरं पाणी.
डोळ्यात लाल ठिणगी, पाय फिके गुलाबी,
धुक्यात असतात तेवढेच.
चल, म्हटलं मनात, जागा केलीय तुला.

तो थांबला. बराच वेळ.
मग वळला
आणि आल्या वाटेनं परत निघाला,
एकेक पाय उचलून, कोरडा करून ठेवल्यासारखा.
चौकटीबाहेर जाता जाता बटण दाबलं:
काठाला अर्धी शेपूट, बाकी सगळं रिकामं पाणी.

फोटो चुकला. पुसलेला नाही.
सखाहरी बघून म्हणाला,
"मागं काहीतरी राहिलं असंल त्याचं."